पलीकडच्या काठावरचे हेडमास्तर

३ नोव्हेंबर, सोमवार
हिशेबाच्या वहीची मागची पानं दरवर्षी कोरी राहतात आणि तशीच रद्दीत जातात. यंदा त्यांवर लिहायचं ठरवलं आहे. मॅट्रिकला भाषेत चांगले गुण होते. त्यांचा आजवर कुणाला काडीचा उपयोग झालेला नाही.

बातमी ही, की ह्यांनी दुकान बंद केलं. उभा जन्म डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केली, आणि शनिवारी अचानक किल्ल्या पुतण्याच्या हातात ठेवून घरी आले. म्हणे, "हल्ली घड्याळ कोण घालतं? सगळ्यांच्या खिशात फोन." खरं आहे. शिवाय गिऱ्हाइकांना वस्तू वापरता येत नाहीत. सोसायटीच्या चेअरमनचं घड्याळ ह्यांनी दोनदा दुरुस्त केलं आणि दोन्ही वेळा ते बंद पडून परत आलं.

आता हे दिवसभर घरात. आज मी आंघोळीला गेले तेवढ्यात माळ्यावरचा मोठा बल्ब काढून बैठकीत लावला. भर दुपारी! मी काढून पुन्हा छोटा लावला. देवाने सूर्य फुकट दिलाय, त्याचा असा अपमान करू नये.

चहाला वन्सं वर आल्या. ह्यांची थोरली बहीण, खालच्या मजल्यावर एकटी राहते. साखर आमची, जीभ त्यांची. म्हणाल्या, "ह्या घड्याळ्याला नदीवर ने फिरायला. नाहीतर उद्या तुझ्या डब्यांना किल्ली देत बसेल."

५ नोव्हेंबर, बुधवार
गेलो नदीवर. आपली नदी म्हणजे काय, पुलाखालून जाताना नाकाला रुमाल लावायची जागा, एवढंच मला ठाऊक. पण पुलापासून वरच्या अंगाला गेलं की पाणी बरं आहे. काठाला लव्हाळी, मध्ये जलपर्णीचे हिरवे गालिचे. एवढं सगळं फुकट, आणि मी इतकी वर्षं गेले नाही!

कुठूनसा किट्-किट्-किट् असा आवाज आला. हे जागच्या जागी थांबले, मान वाकडी केली. दुकानात आजारी घड्याळ कानाला लावताना करायचे तश्शी. म्हणाले, "डावीकडे, खालच्या फांदीवर. सांग बघू कसा दिसतो."

मी सांगितलं. पाठ निळी, पोट तांबडं, चोच एवढी मोठी की त्याची त्यालाच जड होत असावी.

"हं. खंड्या. बरोबर."

"माहीत होतं तर विचारलंत कशाला?"

"परीक्षा घेत होतो."

या वयात परीक्षा! पण खरं सांगते, मला आवडलं. संसाराला लागल्यापासून मला कुणी काही विचारलंय ते 'मीठ कुठे आहे' एवढंच.

९ नोव्हेंबर, रविवार
वाचनालयातून पक्ष्यांचं पुस्तक आणलं. हे म्हणाले, "तू मोठ्याने वाच, म्हणजे तुझ्या लक्षात राहील." माझ्या शिक्षणाची ह्यांना किती काळजी! रोज संध्याकाळी मी वाचते आणि हे डोळे मिटून ऐकतात. वर्तमानपत्रही तसंच. मग विचार केला, वाचणारी मी एकटीच, तर वन्संकडचं शिळं आणून वाचलं तर काय बिघडलं? आपलं बंद केलं.

पुस्तकातली नावं मला राहात नाहीत, म्हणून मी आपली ठेवते. पाणकावळा पंख पसरून दगडावर बसतो. तो 'वाळत घातलेला कोट'. टिबुकली इथे बुडी मारते आणि भलतीकडेच डोकं वर काढते, कधी कुठून उगवेल नेम नाही. तिला मी नाव ठेवलं 'वन्सं'. हे इतके हसले की खोकला लागला.

आणि आज एक मोठा शोध मी स्वतः लावला. पलीकडच्या काठावर, पाण्यात एका पायावर उभा, राखाडी, मानेला बाक, चोच पाण्याकडे. बगळ्याची थोरली जात. आम्ही गेलो तेव्हा उभा, परतलो तेव्हाही उभा. तसूभर हलला नाही. शाळेत हेडमास्तर असेच व्हरांड्यात उभे असायचे. नाव तेच ठेवलं.

हे म्हणाले, "आवाज काय करतो?"

"काहीच नाही."

"मग मला पटत नाही. ज्याची टिकटिक ऐकू येत नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये."

मत्सर, दुसरं काय! मला आधी दिसला ना.

११ नोव्हेंबर, मंगळवार
दुकान सुटल्यापासून ह्यांचा स्वभाव फार सुधारलाय, नोंद करून ठेवायलाच हवी. आज जुन्या चादरीचा शिवलेला गाऊन घातला होता, तर म्हणाले, "नवा वाटतं? छान आहे." भाजी करपली होती, ती निमूट खाल्ली. जिना उतरताना माझा हात धरतात! समोरची शेजारीण बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण सोडवून घेतला नाही.

चहा मात्र कपात कमी आणि बशीत जास्त ओततात. त्यावर उपाय म्हणून मी चहाच अर्धा कप करते आता. दुधाची बचत.

हेडमास्तर तिथेच. काय ही एकाग्रता! मी देवापुढे बसते तेव्हा निम्मं मन कुकरच्या शिट्टीकडे असतं. आज त्यांना दुरूनच हात जोडले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
पुन्हा मोठा बल्ब! पुन्हा मी काढला. थोडं वाजलं. हे म्हणाले, "अंधारकोठडीत राहायचं का आपण?" मी म्हटलं, "राहायला कुठे सांगते, बसा नुसतं." उठून गॅलरीत जाऊन बसले.

काटकसर मात्र आता सगळीकडे सुरू झालेली दिसते. बसवरचे नंबरसुद्धा हल्ली इतक्या पुसट रंगात काढतात की बस अगदी पुढ्यात येईपर्यंत कळत नाहीत. रंग वाचवत असतील. चांगलंच आहे.

संध्याकाळी चेअरमन आले. परवा अंगणात ह्यांनी खालमानेने, वरती न बघताच तीन पक्षी ओळखून दाखवले, त्याचा बोलबाला झालाय. म्हणाले, "काका, रविवारी तेवीसला सोसायटीच्या मंडळींना नदी दाखवा तुम्ही. तुमच्यासारखी नजर आख्ख्या गल्लीत नाही."

हे पांढरेफटक पडले. विनय! मग म्हणाले, "ही बरोबर असेल तर येतो."

वन्सं चहा पीत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमची जोडी म्हणजे एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं." त्यांच्या तोंडून कौतुक ऐकण्याचा योग फार क्वचित येतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
आज झाडपाल्याचा दिवस. काठाच्या चिखलात रानपुदिना माजलाय. हे पान तोडतात, बोटांत चुरगळतात, नाकाशी नेतात आणि नाव सांगतात. बघतसुद्धा नाहीत! मी मूठभर पिशवीत भरला. फुकटचं पाठवणारा देवच, त्याला नाही कसं म्हणणार?

वन्संना दिला. त्यांनी हुंगला. "कुत्रे कुठे जातात नदीवर, बघितलंस का?"

धुऊनच वापरणार होते मी.

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या सहल. हे सकाळी एकटेच नदीवर जाऊन आले, विजारीला गुडघ्यापर्यंत चिखल. वरच्या अंगाला नदी ओलांडायला पाण्यात मोठे दगड टाकलेत, तिथे म्हणे उतरण्याचा सराव केला. दुपारी बैठकीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होते, ओठांत काहीतरी पुटपुटत. मी विचारलं नाही. नामस्मरणात माणसाला मध्येच टोकू नये. किती वर्षं देवाला विनवत होते की ह्यांना थोडी भक्ती दे. नदीने ती दिली.

२३ नोव्हेंबर, रविवार
आजचं आजच लिहिलं पाहिजे.

सकाळी पंधरा-सोळा जण जमले. चेअरमन टोपी घालून. वन्सं पायात बूट घालून आल्या, मी त्यांना बुटात प्रथमच पाहिलं. पहिला भाग सुरेख झाला. हे कान टवकारायचे, काठी उचलायचे आणि पक्षी नेमका तिथेच असायचा. मंडळी वाहवा करत होती. मध्येच ह्यांना डुबुक् ऐकू आलं आणि हे आनंदाने ओरडले, "आल्या बघा वन्सं! आता पाण्यात डोकं खुपसतील आणि कुठेतरी नको तिथे वर येतील!"

वन्सं बरोब्बर मागे उभ्या होत्या. "मी इथेच आहे," म्हणाल्या. मी लव्हाळ्याचं निरीक्षण करत राहिले.

मग मी पलीकडचे हेडमास्तर दाखवले. त्यांच्या तपश्चर्येवर चार शब्दही बोलले. सगळे आदराने गप्प राहिले. चेअरमनने टोपी काढून डोकं खाजवलं.

पुढच्या वळणावर नगरपालिकेचा पंप लागला. गाळ उपसायचं काम, एवढी धडधड की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. हे एकदम थांबले. मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मेळ्यात हरवलेल्या लेकरासारखं तोंड झालं. मग समोर काठी रोखून मोठ्याने म्हणाले, "आणि हा पाहा, पांढरा बगळा! याचा संयम बघा. पंपाचा एवढा गोंधळ, पण हा ध्यान सोडत नाही."

काठीच्या टोकाशी बुंध्याला अडकलेली प्लास्टिकची गोणी होती. अगदी जवळ. तिच्यावरची सिमेंटची अक्षरंही दिसत होती.

मला आधी वाटलं, हीसुद्धा परीक्षा. आता मला विचारतील, मी म्हणेन गोणी, सगळे हसतील. वाट पाहिली. हे विचारेनात. बगळ्याची चोच कशी, पाय कसे, सगळं सांगत होते. मी वाचून दाखवलेलंच पुस्तक, शब्दाला शब्द. चेअरमन म्हणाले, "पण काका, ही तर..."

आणि मला एकेक आठवत गेलं. बशीतला चहा. जुनी चादर. मोठा बल्ब. 'तू मोठ्याने वाच.' जिन्यावरचा हात.

मी आयुष्यात खोटं बोललेली नाही; बोलले तर देवाजवळ कबुली देऊन टाकते. पण आवाज आपसूक बाहेर पडला, पंपाच्याही वर: "उडाला! आत्ताच उडाला. त्याच्या मागची गोणी राहिली."

हे सावकाश माझ्याकडे वळले. आणि मग, काय सुचलं कोण जाणे, मंडळींना दगडांवरून नदीपलीकडे न्यायला निघाले. मी धावत जाऊन हात धरला. पकडलाच. "अहो, मला भीती वाटते पाण्याची, मला धरा," म्हटलं. ह्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. पुढे मी, मागे हे. मी म्हणायचे "हा मोठा", "हा निसरडा", "इथे लांब टांग". लोकांना वाटलं, मी स्वतःला धीर देतेय.

घरी आल्यावर आधी बैठकीत मोठा बल्ब लावला. किती बिल यायचं ते येवो.

२४ नोव्हेंबर, सोमवार
वन्संना खाली जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "तुला आत्ता कळलं? मला वाटलं तुम्ही दोघं मिळून नाटक करताय."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलून काय? आमच्या वडिलांच्या डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं. पट्टी निघाली आणि होतं नव्हतं तेही गेलं. हा तेव्हा एवढासा. तेव्हापासून डोळ्यांचा डॉक्टर म्हटलं की हा पलंगाखाली."

२५ नोव्हेंबर, मंगळवार
सरळ विचारून बघितलं. "अहो, डोळे तपासून घेऊ या का एकदा?"

"कुणाचे? माझे? मी घड्याळजी आहे!" एवढं म्हणून उठले आणि बाहेर जायचं म्हणून कपाटाचं दार उघडून आत शिरले. क्षणभर आतच उभे राहिले. मग म्हणाले, "कोट शोधतोय."

मी म्हटलं, "शोधा."

त्यांचा कोट खुंटीवर होता. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं. नंतर लक्षात आलं, नळ तसाच चालू होता. बादली लावायची राहिली.

२७ नोव्हेंबर, गुरुवार
देवाशी रीतसर बोलणं केलं. म्हटलं, एक खोटं रविवारी बोलले, आज दुसरं बोलणार आहे. दोन्हींचं मिळून महिनाभर चहात साखर घालणार नाही. मान्य असेल तर गप्प राहा. तो गप्प राहिला.

मग बैठकीत जाऊन म्हटलं, "अहो, दोन दिवस मला सगळं धुरकट दिसतंय."

ह्यांच्या हातातला रेडिओ खाली पडला. "कधीपासून? एका डोळ्याने की दोन्ही? सांगितलं का नाहीस?"

"बघू पुढच्या आठवड्यात."

"पुढच्या आठवड्यात? आत्ता! ऊठ! डोळ्यांच्या बाबतीत चालढकल करायची नसते, अक्कल आहे का तुला?"

उजवा बूट डाव्या पायात घालून निघाले. जो माणूस स्वतःसाठी पलंगाखाली शिरला असता, तो माझ्यासाठी जिना धडाधड उतरला, कठडाही न धरता. मीच मागून ओरडत होते.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीपेक्षाही लहान. दारावर पाटी: जोडप्याने आल्यास एकाच फीमध्ये दोघांची तपासणी. वन्संनी ती आधीच हेरून ठेवली होती, म्हणून तर हाच दवाखाना निवडला. मी ह्यांना म्हटलं, "तुमची तपासणी फुकट आहे. न केली तर पैसे पाण्यात." एवढ्या वर्षांच्या संसारात ह्यांना कळून चुकलंय की या वाक्यापुढे मी कुणाचं ऐकत नाही.

आधी मी बसले. मला वाटलं, बाई म्हणतील, काही झालेलं नाही. पण त्या एकामागून एक काचा घालत राहिल्या आणि म्हणाल्या, "आजी, बरं झालं आलात. लांबचं काय दिसतं हो तुम्हाला? चांगला नंबर आहे."

देवाचं हे असं. मी खोटं बोलले आणि त्याने ते खरं करून टाकलं. साखर उगीच गेली. तरी माझं म्हणणं, नंबर असला तर बसच्या पाट्यांपुरताच असेल.

मग हे बसले. खुर्चीचे हात दोन्ही बाजूंनी धरून. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही इथवर चालत आलात कसे?"

हे म्हणाले, "ही सांगते ना."

मग ह्यांनी हळूच विचारलं, "वडिलांचं झालं तसं नाही ना होणार?" बाईंनी ह्यांचा हात हातात घेऊन सगळं समजावलं, अगदी मशीन कसं चालतं इथपर्यंत. यंत्राचं म्हटल्यावर हे थोडे सावरले.

४ डिसेंबर, गुरुवार
डाव्या डोळ्याचं झालं. मी बाहेर बाकावर जप करत बसले होते. वन्सं शेजारी, म्हणत होत्या, "तुझा देव बहिरा नाही, जरा हळू." बाहेर आल्यावर ह्यांचं पहिलं वाक्य: "त्यांच्या मशीनचा पंखा घासतोय. तेल सोडायला सांग."

५ डिसेंबर, शुक्रवार
पट्टी काढली. मी पुढ्यातच उभी होते. ह्यांनी डोळा उघडला, मिटला, उघडला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"तू एवढी पांढरी कधी झालीस गं?"

"तुमचं लक्ष नव्हतं तेव्हा."

"आणि हा गाऊन... ही आपली चादर ना?"

दिसायला लागलं!

१४ डिसेंबर, रविवार
माझा चष्माही आला. सगळ्यांत स्वस्त फ्रेम घेतली. वन्संच्या मते मी आता आयकर खात्यातली दिसते. बसचा नंबर लांबूनच वाचता आला. म्हणजे रंग ते पूर्वीपासून नीटच देत होते.

सकाळी दोघंच नदीवर गेलो. हे प्रत्येक पानापाशी थांबत होते. खंड्या दिसला तेव्हा म्हणाले, "तू सांगितलंस त्याहून निळा आहे." मी म्हटलं, "जेवढं जमलं तेवढं सांगितलं." वाळत घातलेला कोट ह्यांनी लांबूनच ओळखला. टिबुकलीने बुडी मारली तसं दोघांनीही मागे वळून बघितलं, वन्सं नाहीत ना.

पंपाच्या वळणावर ती गोणी अजून बुंध्याला होती. ह्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. परत येताना मला उत्साह आला. म्हटलं, "चला, आता माझे हेडमास्तर तुम्हाला नीट दाखवते. टिकटिक नाही म्हणून विश्वास नव्हता ना?"

नेहमीच्या जागी उभे राहिलो. हेडमास्तर नेहमीच्याच जागी. राखाडी, मानेला बाक, चोच पाण्याकडे.

मी चष्मा काढला, पदराला पुसला, पुन्हा लावला.

चोचीतून पाणी ठिबकत होतं. मानेवर दोन बोल्ट होते.

आख्ख्या सोसायटीसमोर मी त्या पाइपाच्या तपश्चर्येवर चार शब्द बोलले होते. चेअरमनने टोपी काढून डोकं का खाजवलं ते आज कळलं. वन्संनी झाकायचं कुणाला आणि काढायचं कुणाला म्हटलं होतं तेही कळलं.

माझी मान वर होईना. ह्यांनी जिन्यावर धरतात तसा माझा हात धरला. आता ह्यांना धरायची गरज नव्हती.

"उडाले," हे म्हणाले. "आत्ताच उडाले. त्यांच्या मागचा पाइप राहिला."

घरी येईपर्यंत आम्ही हसत होतो. निघण्याआधी मी मात्र पलीकडच्या काठाला हात जोडले, सवयीने. देव सगळीकडे असतो म्हणतात, मग पाइपात का नसावा?